अजून थोडं जाड

आमच्या ऑफिसचे मालक माजोरी आहेत, हे मी भेटेल त्याला सांगत आले. शेजारणीला सांगितलं, भाजीवाल्याला सांगितलं, एकदा तर दाताच्या डॉक्टरला तोंडात कापसाचे बोळे असताना सांगितलं. पूर्वी निदान मान तरी हलवायचे, गेल्या तीन वर्षांत तेही बंद. समोर जाऊन उभं राहिलं तर बोलतील, विचारपूस करतील. पण बाजूने कुणी हात जोडले, कुणी हसलं, तर ढिम्म. एकदा लिफ्टच्या दाराशी मी त्यांच्या उजव्या हाताला उभी राहून मिनिटभर हसत होते. गाल दुखायला लागले. लिफ्ट आली, ते आत गेले आणि दार लावून घेतलं. मी जिन्याने वर गेले आणि चारही मजले त्यांच्या नावाने बोटं मोडली.

आमचा धंदा अक्षरं बनवायचा. वर्तमानपत्राचा मथळा, दुकानाची पाटी, साबणाचं खोकं, ह्या सगळ्यांवरच्या अक्षराला कुणीतरी बसून आकार दिलेला असतो, आणि ते कुणीतरी म्हणजे आम्ही. लोकांना वाटतं अक्षरं आपोआप उगवतात. माझ्या सासूबाईंना तर अजून वाटतं की मी टायपिंग करते आणि माझा वेग कमी असावा, कारण एका फॉन्टला मला दोन-दोन वर्षं लागतात.

मालकांना जुनी माणसं गरुड म्हणतात. हे नाव त्यांनी कमावलेलं आहे, उगाच कशाला नाकारू. मी नवीन होते तेव्हा त्यांनी खोलीच्या दुसऱ्या टोकावरून माझ्या 'भ'कडे बोट दाखवून सांगितलं होतं की खालचं वळण केसभर सुटलंय. मी मोजलं. केसभरच सुटलं होतं. त्या दिवसापासून आमच्याकडे एक रीत पडली. दर गुरुवारी अकराला नवीन अक्षराचा मोठा छाप समोरच्या भिंतीवर लावायचा, सोळा फुटांवर खडूने आखलेल्या रेघेवर मालकांची खुर्ची ठेवायची, आणि आम्ही सगळ्यांनी खुर्चीमागे उभं राहायचं. मालक बोलेपर्यंत कुणी बोलायचं नाही. ह्याला आम्ही 'भिंत' म्हणतो. आज भिंत आहे, भिंतीला काय झालं, भिंतीत अडकलं, असं.

मालक बोलले की मग मात्र सगळ्यांना कंठ फुटतो. विक्रीचं बघणारा एक गृहस्थ आहे, त्याला आम्ही लोणी म्हणतो. मालक म्हणाले डावीकडे, की लोणी म्हणणार, साहेब, मलाही पहिल्यापासून डावीकडेच वाटत होतं. पुढच्या गुरुवारी मालक म्हणाले उजवीकडे, की ह्याला पहिल्यापासून उजवीकडे वाटत असायचं. ह्या माणसाचं पहिलं नेमकं कुठे होतं देव जाणे. बाकीचे त्याची री ओढायचे. मीही ओढायचे, फक्त जरा वेगळ्या शब्दांत, म्हणजे स्वतःला हुशार समजता येतं.

तीन वर्षांपूर्वी मालकांनी 'बुलंद' काढायला घेतलं. मथळ्यांसाठी आणि मोठ्या पाट्यांसाठी एक दणकट अक्षर, म्हणजे अख्खा फॉन्ट, हवं होतं. जाड, आटोपशीर, टोकांना नखरे नाहीत, उभं राहिलं की हलवायला चार माणसं लागावीत असं. काम मला दिलं. आणि मालक म्हणाले, बाई, हे झालं की नमुनापुस्तकात अक्षराखाली तुमचं नाव घालू. बावीस वर्षांत मी अकरा अक्षरं काढली, अकराही मालकांच्या नावाने गेली. तशी पद्धतच आहे. आंबा झाडाचा असला तरी पेटीवर नाव बागायतदाराचंच असतं. त्यामुळे ह्या एका वाक्यावर मी घरी साखर वाटली.

पहिले पाच नमुने कच्चे होते, ते सोडा. सहावा नमुना उतरला आणि मी स्वतःशीच म्हटलं, बये, जमलं. काना भक्कम, पण आतल्या पोकळ्या मोकळ्या. शिरोरेषा जाड, पण खालच्या अक्षराच्या बोडक्यावर बसत नव्हती. शब्द लांबून एका फटक्यात वाचता येत होता. भिंत झाली. मालक बराच वेळ बघत राहिले आणि म्हणाले, अजून थोडं जाड. आणि कडेची अक्षरं सुटताहेत, आत ओढा.

मी ओढली. सातव्याला म्हणाले, अजून थोडं जाड. आठव्याला म्हणाले, फिकं वाटतंय. फिकं? शाईचा डबा उपडा केल्यासारखं दिसत होतं ते. नवव्याला पुन्हा कडेची अक्षरं सुटली. मी सूक्ष्म मोजमापं काढून दाखवली की दोन अक्षरांत आता सुईसुद्धा जाणार नाही. मालक म्हणाले, बाई, मोजपट्टीने अक्षर दिसत नसतं, डोळ्यांनी दिसतं. लोणी म्हणाला, वा. मी दहावा नमुना काढायला घेतला. जोडाक्षरं धरून आठशे आकार, प्रत्येक नमुन्याला सगळे पहिल्यापासून. बाराव्याच्या सुमाराला 'ष'च्या पोटातली रेघ दिसेनाशी झाली आणि 'ख' म्हणजे दोन माणसं एका सदऱ्यात कोंबल्यासारखा झाला. आमच्यात त्याला 'बुलंद' कुणी म्हणत नव्हतं, 'ठोकळा' म्हणायचे. ठोकळा कुठवर आला, असं विचारायचे.

पण खरं सांगते, मला त्याचं दुःख नव्हतं. आधी झालं, मग राग आला, मग मजा वाटायला लागली. कारण बाहेरचे लोक वेडे झाले होते. लोणी अर्धवट नमुने घेऊन गिऱ्हाइकांकडे जायचा आणि परत येऊन सांगायचा की लोक विचारतात, इतकी हिंमत कुणाची? एका वर्तमानपत्राने तर अक्षर बाजारात यायच्या आधीच मागणी नोंदवली. म्हटलं, असू दे. जितकं जाड, तितकं माझं नाव ठळक.

मालकांचे नखरेही वाढले होते, ते सगळे मी घरोघर नक्कल करून दाखवायचे. भिंतीच्या खोलीत उजेड कमी पडतो म्हणून तीन नवे दिवे लावून घेतले. टेबलावर उजवीकडे ठेवलेला चहाचा कप कोपराने उडवायचे आणि चहा आणणाऱ्या बाईंना म्हणायचे, इथे कुणी ठेवायला सांगितला. जिना उतरताना पायाने पायरी चाचपायचे, राजा सिंहासनावरून उतरतो तसे. एका रविवारी ताईकडे जेवायला गेले होते, तिथेही माझा हा खेळ झाला. ताई म्हणजे माझी थोरली बहीण. ती डोळ्यांच्या दवाखान्यात तपासणीचं काम करते. मी खुर्चीत बसून 'अजून थोडं जाड' म्हणाले, कोपराने पेला उडवला, उठताना स्टुलाला धडकले. भावजी हसून हसून ठसका लागून लाल झाले. ताई हसत नव्हती.

तिने हातातला घास ताटात ठेवला आणि एकेक विचारायला लागली. कप कुठल्या बाजूचा सांडतो? धडक कुठल्या बाजूला बसते? दारातून येताना खांदा घासतो का? अंधारात जास्त अडखळतात का? मी उत्तरं देत होते आणि प्रत्येक उत्तराबरोबर तिचा चेहरा उतरत होता.

"अगं, तो माणूस माजोरी नाहीये," ती म्हणाली. "त्याला बाजूचं दिसतच नाही. मी बघितल्याशिवाय सांगणार नाही, पण काचबिंदू असला तर अंधार कडेकडून आत आत येत जातो आणि माणसाला पत्ता लागत नाही, दुखत नाही काही नाही. जे गेलं ते गेलं, ते परत येत नसतं. पण औषध घातलं तर राहिलेलं राखता येतं. उद्याच्या उद्या घेऊन ये त्यांना."

भावजींचं हसू तोंडावर तसंच राहिलं. मला आधी कळलं ते वेगळंच. कडेची अक्षरं सुटत नव्हती, मालकांच्या नजरेतून कडा सुटत होती. अक्षर फिकं नव्हतं. आम्ही पंधरा-वीस माणसं, सगळी डोळ्यांवर पोट भरणारी, एकाचा रोग भिंतीवर टांगून दर गुरुवारी त्याची तारीफ करत होतो. आणि मी तर तो हाताने काढत होते, आठशे तुकड्यांत.

सोमवारी मी सांगायचं ठरवूनच गेले. गेले आणि आठवलं, मागे एकाने भिंतीच्या वेळी नुसतं 'साहेब, चष्म्याचा नंबर' एवढंच म्हटलं होतं. वाक्य पुरंही झालं नव्हतं. तो बिचारा आता तळमजल्यावर खोकी बांधतो, आणि त्याचा हात फार सुंदर होता. गरुडाला चष्मा? त्यांच्या केबिनमध्ये त्यांच्या नजरेबद्दल छापून आलेली कात्रणं चौकटीत लावलेली आहेत. म्हटलं, गुरुवारी बघू. गुरुवारी चौदावा नमुना लागला होता. मालक म्हणाले, आता कुठे अंगावर यायला लागलंय, अजून थोडं. मी मूग गिळून उभी राहिले.

एकदा मी खरंच केबिनपर्यंत गेले. दार लावलं, समोर बसले, म्हटलं, साहेब, एक बोलायचं होतं. ते म्हणाले, मलाही. त्यांनी नमुनापुस्तकाचं पहिलं पान माझ्यापुढे सरकवलं. वर 'बुलंद', आणि खाली, अगदी लगेच खाली, माझं नाव. माझ्या अक्षरात माझं नाव. तुम्हाला सांगते, बाई चाळिशी ओलांडलेली, दोन पोरांची आई, पण ते नाव मी तीनदा वाचलं. मालक म्हणाले, बोला, काय म्हणत होता? मी म्हणाले, काही नाही, 'ळ' जरा बघून घ्या. त्यांनी 'ळ' बघितला आणि म्हणाले, अजून थोडं जाड.

माझा हिशेब साधा होता. त्यांना कळलं तर पहिली गोष्ट होणार म्हणजे काम थांबणार. सगळं पुन्हा सहाव्या नमुन्यावर जाणार, आणि ते काही माझ्याकडे देणार नाहीत, बाहेरून कुणाला तरी आणतील, कारण जिने आठ नमुने गप्प राहून काढले तिच्यावर कोण भरवसा ठेवेल? नाव गेलं म्हणजे गेलंच. आणि अक्षर बाजारात यायला चारच महिने राहिले होते. तीन वर्षं ज्याला कळलं नाही त्याला अजून चार महिने नाही कळलं, तर काय आभाळ कोसळणार होतं? असं मी रोज स्वतःला समजावत होते. मी समजावण्यात वाकबगार आहे आणि मी ऐकूनही लगेच घेते.

ताई सोडणाऱ्यातली नाही. दर दोन-तीन दिवसांनी फोन. सांगितलंस का? आले का? पहिल्यांदा म्हटलं, सांगते गं. दुसऱ्यांदा म्हटलं, योग्य वेळ बघतेय. तिसऱ्यांदा ती म्हणाली, नंबर दे, मीच फोन करते. तेव्हा मी सरळ सांगितलं, अगं सांगितलं मी, त्यांनी कानावर हात ठेवले, म्हणाले बघू नंतर.  ताई म्हणाली, काही माणसं असतात अशी, आपण किती करणार. मला बरं वाटलं. बहिणीशी खोटं बोलून बरं वाटलं, हे मी लपवत नाही.

एकोणिसाव्या नमुन्यावर मालकांनी मान डोलावली. तोवर ठोकळ्यात हवा जायला जागा राहिली नव्हती. तुम्ही बघितलाच असेल तो, चुकवून चुकत नाही. विम्याच्या जाहिरातीत तोच, बिस्किटाच्या पुड्यावर तोच, 'इथे गाडी लावू नये'मध्ये तोच. एका गादीवाल्याने 'मऊ मऊ' असे दोन शब्द त्यात छापलेत आणि ते वाचून पाठ मोडेल असं वाटतं. आमच्या इमारतीतल्या एका जोडप्याने लग्नाची पत्रिका त्यात काढली. पत्रिका हातात पडल्यावर मी आधी तारीख बघितली, जागा कधी खाली करायची त्याची. धंद्यातल्या मासिकात एका जाणकाराने दोन पानं लिहिली. म्हणे, ह्या अक्षराने पोकळीला नकार दिला आहे. म्हणे, कडांचा मोह सोडायला मोठं धैर्य लागतं. लोणीने ते कात्रण चौकटीत लावलं.

हे सगळं पुढचं. त्याआधी अक्षर बाजारात आणायचा कार्यक्रम एका सभागृहात झाला. मागे वीस फुटी पडदा, त्यावर 'बुलंद', त्याखाली माझं नाव. मी नवी साडी नेसले होते. मालक चांगलं बोलले, माझ्याबद्दलही दोन वाक्यं बोलले, टाळ्या झाल्या. मग ते व्यासपीठाच्या उजव्या बाजूने उतरायला निघाले. तिथे तीन पायऱ्या होत्या. त्यांच्या लेखी तिथे काहीच नव्हतं. त्यांनी सपाट जमिनीवर टाकावं तसं पाऊल हवेत टाकलं.

लोकांना वाटलं, भारावून गेले. कुणीतरी तर त्यांना उचलेपर्यंत टाळ्याच वाजवत होतं. गुडघा फुटला होता, मनगट सुजलं होतं, आणि ते जमिनीवर बसून इकडेतिकडे बघत होते, सगळं समोर असूनही काहीतरी हरवल्यासारखं. लोणी म्हणाला की पायरीच चुकीच्या जागी होती, साहेब, मला पहिल्यापासून वाटत होतं. तेव्हा मला आयुष्यात पहिल्यांदा स्वतःची आणि त्याची जात एकच आहे हे लख्ख दिसलं आणि माझी मलाच शिसारी आली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी त्यांच्या घरी गेले आणि सांगितलं. कप, दार, जिना, दिवे, सगळं. कुणाच्या तोंडून कळलं आणि कधी कळलं, तेवढं सांगितलं नाही. मला वाटलं होतं खोकी बांधायला पाठवतील. त्यांनी पट्टी बांधलेलं मनगट उचलून मांडीवर ठेवलं. मग म्हणाले, इतकी माणसं रोज माझ्या मागे उभी असतात, बाई, आणि हे तोंडावर सांगायची छाती एका तुमचीच झाली. तुमचे उपकार आहेत. त्यांनी डाव्या हाताने माझा हात धरला. मी तो धरू दिला. नुसता धरू दिला नाही, तर म्हणाले, साहेब, उपकार कसले, कर्तव्यच आहे. माझ्या जिभेला हाड नाही म्हणतात ते खोटं नाही.

दवाखाना ताईचाच, दुसरा मला माहीत नव्हता. तिला फोन करून म्हटलं, ते एकदाचे तयार झाले गं. ती म्हणाली, पडल्यावर अक्कल आली म्हणायची. मी हो म्हटलं.

तपासणी साधीच असते. एका पांढऱ्या वाटोळ्या पेटीत तोंड घालून बसायचं, मधल्या दिव्यावर नजर ठेवायची, आणि कडेला कुठे ठिपका लुकलुकला की हातातलं बटण दाबायचं. उजव्या डोळ्याच्या वेळी बटणाचा आवाज जवळजवळ आलाच नाही. मालक अगदी ताठ बसले होते, भिंतीच्या वेळी बसतात तसेच, ठिपक्यांची वाट बघत. ठिपके लागत होते आणि विझत होते, ते मला बाजूने दिसत होते. एकदा त्यांनी विचारलं, यंत्र चालू झालं का? ताई हळू आवाजात म्हणाली, हो, चालू आहे.

नंतर डॉक्टरांनी बघितलं, डोळ्यातला दाब मोजला, आणि फार लांबण लावली नाही. उजवा संपल्यात जमा. डाव्यात मधोमध एक खिडकी राहिली आहे, तेवढी औषधाने राखू. मालकांनी एकच विचारलं, आधी आलो असतो तर? डॉक्टर म्हणाले, जितकं आधी तितकं बरं, आणि पुढच्या खोलीत गेले.

ताई औषधाची बाटली घेऊन आली, कागद पुढे ओढला आणि लिहिता लिहिता, रागाने नाही, थोड्या कळवळ्यानेच म्हणाली, "काका, चार महिन्यांपूर्वी हिने तुम्हाला सांगितलं होतं, तेव्हाच का नाही आलात हो?"

मालक तिच्याकडे वळले. "चार महिन्यांपूर्वी नाही," ते म्हणाले. "ह्यांनी मला परवा सांगितलं."

ताईचं पेन थांबलं. तिने माझ्याकडे बघितलं. तिच्या बघण्याबद्दल मी काही लिहिणार नाही, ती माझी सख्खी बहीण आहे आणि अजून आमचं बोलणं नीट सुरू झालेलं नाही. मालकांना माझा शोध घ्यायला मान पूर्ण फिरवावी लागली, कारण मी त्यांच्या उजव्या बाजूला उभी होते. शोधून झाल्यावर ते शांतपणे विचारायला लागले, छापातली चूक कुठून आली हे विचारतात तसं.

"बाई, तुम्हाला कधीपासून माहीत आहे?"

"चौदाव्या नमुन्यापासून."

"आणि अक्षर कितव्याला बरोबर होतं?"

"सहाव्या."

"मग सातव्याला का नाही बोललात?"

ह्याचं उत्तर माझ्याकडे होतं. लोणी होता, भिंत होती, खोकी बांधणारा होता, बावीस वर्षं होती. पण त्या खोलीत ह्यातलं काहीच नव्हतं, आम्ही तिघंच होतो. मी म्हणाले, माझं नाव यायचं होतं. मान खाली न घालता म्हणाले, तेवढी लाज मी ठेवली.

मला वाटलं, ओरडतील. ओरडले असते तर मी रडले असते आणि प्रकरण मिटलं असतं. ते डाव्या हाताच्या बोटांवर मोजायला लागले. सातव्यापासून एकोणिसाव्यापर्यंत एकेक गुरुवार परत बघत असावेत, खुर्ची, भिंत, आणि मागे आम्ही सगळे.

"तुमच्या जागी मी असतो तरी थांबलोच असतो," ते म्हणाले. "मी ओळखतो मला. पण आता पंचाईत बघा. माझी एवढीशी खिडकी राहिली. इथून पुढे मला अक्षर बघायचं तर तुमच्या डोळ्यांनी बघावं लागणार. आणि तुम्हाला तर दिसतं ते बोलायची सवयच नाही."

मी बोलायला तोंड उघडलं. ताई म्हणाली, आता नको. तिने त्यांना मान मागे करायला सांगितली, डाव्या डोळ्यात पहिला थेंब टाकला, डोळा मिटून ठेवा म्हणाली, आणि मला बाहेर बाकावर जाऊन बसायला सांगितलं.